पक्ष सत्तेकडे सरकतो तेव्हा इतिवृत्ताच्या वहीत काय बदलते

कोपरखैरणे येथे राहणाऱ्या एका तरुण कार्यकर्तीने मला विचारलेला प्रश्न आधी देतो. त्या लिहितात: "मी तीन वर्षांपासून एका पक्षाचे काम करते. संघटनात्मक निवडणुका ठरावीक मुदतीने घ्याव्यात असे पक्षाच्या घटनेत लिहिले आहे, पण आमच्या भागात निवडून आलेला एकही पदाधिकारी मी पाहिलेला नाही. सगळ्यांच्या हाती नियुक्तीपत्रे आहेत. आता मलाही प्रभागाच्या महिला आघाडीचे अध्यक्षपद देऊ केले आहे. लोकशाहीची भाषा बोलणारा पक्ष नेमका कोणत्या टप्प्यावर केवळ सत्तेचा पक्ष होतो, हे आतल्या माणसाने कसे ओळखावे? आणि हे पद मी घ्यावे का?"

माझ्या उत्तराला आधार आहे तो चाळीस वर्षांच्या कामाचा. १९८१ साली ठाण्यात एका पक्षाच्या शहर कार्यालयात पत्रे टंकलिखित करण्यापासून मी सुरुवात केली, पुढे तेवीस वर्षे तिथेच कार्यालयचिटणीस होतो, त्यानंतर काही वर्षे जिल्ह्याचे काम पाहिले आणि आता निवडून आलेल्या सदस्यांना सभाशास्त्र शिकवतो. पक्षाचे नाव लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते इतर पक्षांच्या कार्यालयांत आयुष्य घालवलेल्या माझ्या समवयस्कांनीही जवळजवळ त्याच क्रमाने पाहिले आहे, आणि नाव आले की वाचणारा मुद्दा सोडून त्या पक्षाची बाजू घेऊ लागतो किंवा त्याला झोडपू लागतो.

सत्ता मिळवण्याची इच्छा हा दोष आहे असे मी मानत नाही. ज्या पक्षाला पाणीपट्टी, शाळा, रुग्णालये आणि रस्ते यांबद्दल काही करायचे आहे, त्याला ते करण्याचे अधिकार हवेच असतात. माझ्या अनुभवात घसरण सुरू होते ती पक्षातले पद आणि उमेदवारी खालून मिळण्याऐवजी वरून मिळू लागते तेव्हा. माणसाला ज्याच्याकडून पद मिळते त्यालाच तो उत्तर देतो. सभासदांनी निवडलेला वॉर्ड अध्यक्ष सभासदांचे तोंड पाहतो आणि नियुक्तीपत्रावर आलेला अध्यक्ष सही करणाऱ्याचे. हा बदल पक्ष सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधी होऊ शकतो आणि जाहीर सभेतल्या भाषणांत तो कधीच दिसत नाही. तो दिसतो इतिवृत्ताच्या वहीत, पावतीपुस्तकांत आणि कार्यालयाचे भाडे कोण भरते याच्या हिशेबात.

माझ्याकडच्या वहीतली दोन पाने सांगतो. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली आणि तिची पहिली निवडणूक १९८६ साली झाली. त्या निवडणुकीच्या आधीची आमच्या शहर समितीची बैठक एका शाळेच्या वर्गात रात्री साडेनऊला सुरू झाली आणि पहाटेपर्यंत चालली. एका वॉर्डासाठी दोन इच्छुक होते, एक माध्यमिक शिक्षक आणि एक वाहतूक व्यावसायिक. दोघांनाही बाहेर बसवून चर्चा झाली, वॉर्ड समितीचा ठराव वाचून दाखवला गेला, एका ज्येष्ठ सदस्याने त्या ठरावालाच विरोध केला, आणि शेवटी चिठ्ठ्या टाकून मतदान झाले. वहीत माझ्याच अक्षरात नोंद आहे: बाजूने १४, विरुद्ध ११, तटस्थ २. हरलेला माणूस त्या रात्री कोणाशी न बोलता घरी गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जिंकलेल्याच्या मतदारयाद्या घेऊन चाळीचे जिने चढताना मला दिसला. तो मोठ्या मनाचा होता हे खरेच, पण एवढ्यावर मी ते सोडून देणार नाही. आपल्याला कोणी, कशासाठी आणि किती मतांनी नाकारले हे त्याला माहीत होते, म्हणून तो निर्णय त्याला पचवता आला.

दुसरे पान १९९७ च्या निवडणुकीआधीचे आहे. त्यावर ठराव एका ओळीचा आहे: "उमेदवार निवडीचे सर्वाधिकार शहराध्यक्षांना देण्यात येत आहेत." सूचक, अनुमोदक, एकमताने मंजूर. बैठक पस्तीस मिनिटांत संपली. ही ओळ लिहिणारा हात माझा होता आणि ठरावाच्या बाजूने वर झालेल्या हातांत माझाही हात होता. त्या दिवशी आम्हांला कोणालाही आपण काही गमावतो आहोत असे वाटले नाही, कारण दिलेले कारण खरे होते. दुसऱ्या पक्षाशी जागावाटपाची बोलणी चालू होती, किती जागा सुटतील हे शेवटच्या दिवसापर्यंत कळणार नव्हते, आणि प्रत्येक वॉर्डाची बैठक पुन्हा पुन्हा बोलावणे शक्य नव्हते. तात्पुरती सोय म्हणून अधिकार दिले. २००२ साली बोलणी नव्हती, घाईही नव्हती, तरी तीच ओळ पुन्हा लिहिली गेली, आणि मतदान घेऊ या असे सुचवणाऱ्या सदस्याकडे सगळ्यांनी जणू त्याने अध्यक्षांवर अविश्वास दाखवला आहे अशा नजरेने पाहिले. त्यानंतर उमेदवारीचा निर्णय बैठकीतून निघून गेला तो कायमचा. अर्ज भरण्याची मुदत दुपारी तीनला संपत असताना दोनच्या सुमारास कोणाच्या तरी बंगल्यावरून एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी दाखवणारे कागद, घेऊन मोटारसायकली सुटतात, हे दृश्य आज ठाण्यात आणि नवी मुंबईत सगळ्याच पक्षांत इतके नेहमीचे झाले आहे की त्यात काही चुकते आहे असे नव्या कार्यकर्त्याला वाटतही नाही. बंडखोरी टाळण्यासाठी फॉर्म उशिरा दिले जातात असे सांगतात. ज्याला का नाकारले हे कोणी सांगितलेले नाही तो बंडखोरी करणारच, आणि मग त्या बंडखोरीचा दाखला देऊन पुढच्या वेळी फॉर्म आणखी उशिरा दिले जातात.

हे केवळ आपल्याकडचे नाही. जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षासारख्या, लोकशाहीसाठीच उभ्या राहिलेल्या पक्षाचा अभ्यास करून समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ साली मांडले होते की संघटना मोठी झाली की ती चालवण्यासाठी पूर्णवेळ माणसे लागतात, त्या माणसांच्या हाती माहिती, वर्तमानपत्र आणि पैसा येतो, आणि हळूहळू संघटना टिकवणे हेच संघटनेचे उद्दिष्ट होऊन बसते. मी स्वतः पूर्णवेळ कार्यालयात बसलेला माणूस असल्यामुळे हे मला आतून पटते. पण हा टाळता न येणारा नियमच आहे असे त्यांनी मानले, ते मला पटत नाही. मिशेल्स स्वतः पुढे इटलीतल्या फॅसिस्ट पक्षात गेले, हे त्या निराशेचे टोक होते. युद्धोत्तर जर्मनीने दुसरा मार्ग काढला. तिथल्या राज्यघटनेच्या २१ व्या कलमातच पक्षाची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे असे लिहिले गेले, आणि १९६७ च्या पक्षविषयक कायद्याने उमेदवारांची निवड गुप्त मतदानाने करणे बंधनकारक केले.

आपल्याकडे हे बंधन अर्ध्यावर राहिले आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये १९८८ च्या दुरुस्तीने २९-अ हे कलम आले आणि नोंदणीसाठी अर्ज करणाऱ्या पक्षाने राज्यघटनेशी, तसेच समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा राखण्याची हमी आपल्या घटनेतच देणे आवश्यक झाले. मात्र ही हमी पाळली नाही म्हणून नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार निवडणूक आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. फसवणुकीने मिळवलेल्या नोंदणीसारखे मोजके अपवाद तेवढे ठेवले. विधी आयोगाने १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदा करावा अशी शिफारस केली होती, २०१५ च्या २५५ व्या अहवालातही तो विषय पुन्हा आला, पण कायदा झाला नाही. केंद्रीय माहिती आयोगाने जून २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणणारा निर्णय दिला. पक्षांनी तो अमलात आणला नाही. तेव्हा पक्षातली लोकशाही सांभाळण्याचे काम आज तरी कायद्याकडून होणार नाही, ते सभासदालाच करावे लागणार आहे.

पक्षाची घटना कपाटात पडून राहिली तर काय होते हे ठाण्याइतके जवळून फार थोड्या शहरांनी पाहिले असेल. शिवसेनेतील फुटीनंतर पक्ष कोणाचा हा वाद निवडणूक आयोगापुढे गेला, तेव्हा १९९९ ची घटना ग्राह्य की २०१८ ची, हा प्रश्न मध्यवर्ती ठरला. २०१८ ची दुरुस्ती आपल्या नोंदीवर नसल्याचे आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात म्हटले आणि विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ च्या निर्णयात १९९९ च्या घटनेचा आधार घेतला. या निर्णयांविषयी वाचकांची मते वेगवेगळी असणार आणि मला त्यात कोणाची बाजू घ्यायची नाही. मला आठवते ते एवढेच, की त्या महिन्यांत वेगवेगळ्या पक्षांतले वीस-वीस वर्षे काम केलेले पदाधिकारी आपल्या पक्षाची घटना मिळेल का असे विचारत माझ्याकडे येत होते. त्यांतल्या बहुतेकांनी ती त्याआधी एकदाही वाचलेली नव्हती.

देशपातळीवरही चित्र फार वेगळे नाही. काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात चार आण्यांचे सभासदत्व आणि गावापासून वरपर्यंत निवडलेल्या समित्यांची रचना स्वीकारली, आणि १९३९ साली त्रिपुरी अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी सुभाषबाबूंनी गांधीजींचा पाठिंबा असलेल्या पट्टाभी सीतारामय्यांना १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवले, एवढी ती रचना जिवंत होती. त्यानंतर सुभाषबाबूंना त्या पदावर टिकू दिले गेले नाही, हेही त्याच इतिहासात आहे. १९६९ च्या फुटीनंतर नेतृत्व थेट जनतेशी बोलू लागले आणि मधली संघटना अनावश्यक वाटू लागली. १९७२ नंतर संघटनात्मक निवडणुका झाल्या त्या १९९२ साली, आणि या वीस वर्षांत आणीबाणीही येऊन गेली. त्या पक्षात २०२२ साली अध्यक्षपदासाठी मतदान झाले आणि मल्लिकार्जुन खर्गे यांना ७८९७ तर शशी थरूर यांना १०७२ मते मिळाली. भारतीय जनता पक्षाच्या राष्ट्रीय अध्यक्षाची निवड मात्र आजवर बिनविरोधच होत आली आहे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या २०२५ च्या मदुराई अधिवेशनात महाराष्ट्रातील कामगार नेते डी. एल. कराड केंद्रीय समितीसाठी अधिकृत यादीबाहेरून उभे राहिले आणि हरले, तर ती देशभर बातमी झाली. पक्षाच्या अधिवेशनात एका माणसाने मतदान मागणे ही बातमी व्हावी, इतकी ही गोष्ट दुर्मीळ झाली आहे.

आता पावतीपुस्तकांकडे येतो, कारण तुम्हांला तिथेच पहिली खूण सापडेल. सभासदनोंदणीत खोटी नावे घुसवण्याचा प्रकार नवा नाही. १९३७ साली प्रांतांत मंत्रिमंडळे आल्यावर काँग्रेसची सभासदसंख्या झपाट्याने वाढली तेव्हा गांधीजींनी खोट्या सभासदांबद्दल उघडपणे लिहिले होते. आमच्याकडे पूर्वी पावती फाडायला घरोघर जावे लागे, आणि दोन रुपयांसाठी माणूस अर्धा तास प्रश्न विचारी, नळाला पाणी का नाही, तुमच्या नगरसेवकाने काय केले, मागच्या वेळी काय सांगितले होते. ते अर्धे तास हेच आमचे शिक्षण होते. पुढे एकेक इच्छुक पाचशे पावत्यांचे पैसे एकरकमी भरू लागला आणि नावे मतदारयादीतून उतरवली जाऊ लागली; हस्ताक्षर एक, शाई एक, आणि सभासदाला आपण सभासद झालो हेही ठाऊक नाही. आज मोबाईलवरून नोंदणी होते, आकडा लाखांत जातो, पण त्यांतल्या कोणाला बैठकीचे बोलावणे जात नाही. तुमच्या प्रभागात सभासद किती आहेत हे विचारू नका, कारण तो आकडा लगेच सांगतील. त्यांतल्या कितींना गेल्या वर्षभरात मत द्यायला बोलावले, हे विचारा.

पैशाचा प्रवाह बदलला की बाकीचे आपोआप बदलते. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्या खर्चात धरला पाहिजे असा निकाल दिला, आणि त्याच वर्षी कायदा बदलून तो परिणाम पुसून टाकण्यात आला. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, महाराष्ट्रात विधानसभेसाठी ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख, पण पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. कंपन्यांच्या देणग्यांवर १९६९ साली बंदी आली ती १९८५ साली उठली, आणि या मधल्या काळात पैसा थांबला नाही, फक्त रोखीत गेला. देणगीदाराचे नाव जाहीर न होता पक्षाला बँकेमार्फत पैसे देण्याची निवडणूक रोख्यांची योजना २०१८ पासून चालली आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली.

हे झाले वरचे. खालच्या पातळीवर मी जे पाहिले ते याहून साधे होते. स्टेशनजवळच्या दोन खोल्यांच्या कार्यालयाचे भाडे आम्ही सभासदांच्या महिन्याच्या वर्गणीतून भरत असू. वर्गणीची वही भिंतीला खिळ्याला टांगलेली असे आणि कोणी किती महिने चुकवले हे सगळ्यांना दिसे. अध्यक्षांचेही दोन महिने थकल्याचे त्या वहीत आहे. मग एका बांधकाम व्यावसायिकाने सहाशे फुटांची जागा वापरायला दिली, वातानुकूलित, विनाभाडे, आणि कोणतीही अट न घालता. वर्गणीची वही बंद झाली. काही वर्षांनी, मी जिल्ह्याचे काम पाहत असताना, एका पालिकेत खेळाच्या मैदानाचे आरक्षण बदलण्याचा प्रस्ताव आला. आमच्या नगरसेवकांची महासभेआधी बैठक होत असे, तीत विषयपत्रिकेतला प्रत्येक गोषवारा वाचला जाई आणि कोण काय बोलणार ते ठरे. त्या आठवड्यात बैठक झाली नाही. विषय आयत्या वेळी आला, आणि आमच्या सदस्यांना गप्प राहण्याचा निरोप दूरध्वनीवर मिळाला होता. प्रस्तावामागे कोण होते हे मला नंतर कळले. जागा देताना त्या माणसाने अट घातली नव्हती हे शब्दशः खरे होते.

पक्षांतरबंदीच्या कायद्याचा उल्लेख इथे केला पाहिजे, कारण चांगल्या हेतूने केलेल्या नियमाने नेतृत्वाच्या हाती किती बळ दिले हे फारसे बोलले जात नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले, महाराष्ट्राने १९८६ साली स्थानिक प्राधिकरणांच्या सदस्यांसाठी तसाच कायदा केला, आणि २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेली सवलत काढून टाकली. घोडेबाजार थांबावा हा हेतू होता. तो किती थांबला हे महाराष्ट्राला सांगायला नको. पण पक्षादेश (व्हिप) काढून मतदान बांधता येते हे कळल्यावर सदस्याला पटवून देण्याची गरज संपली. आमच्या बैठकांत पूर्वी गटनेता तासभर समजावत असे आणि दोन सदस्य तरीही ऐकत नसत. नंतर त्याच्या हाती फक्त पक्षादेशाचा कागद आणि पोच घेण्याचे रजिस्टर उरले. पक्षादेश विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प यांपुरताच असावा हे माझे ठाम मत आहे, बाकी विषयांवर नगरसेवकाला त्याच्या मतदारांसाठी मोकळे सोडले पाहिजे.

भाषाही बदलते. आमच्या जुन्या पत्रांत "शहर समितीच्या ठरावानुसार" अशी सुरुवात असे. पुढे "अध्यक्षांच्या सूचनेनुसार" आले, आणि शेवटी "साहेबांच्या आदेशानुसार". हे तीन शब्द, ठराव, सूचना आणि आदेश, मी एकाच टाइपरायटरवर टंकलिखित केले आहेत. कार्यकर्त्याचे वर्णनही पूर्वी अभ्यासू, संघटक, लढाऊ असे होई, नंतर निष्ठावंत एवढेच उरले, आणि ती निष्ठा कार्यक्रमाशी नव्हे तर माणसाशी मोजली जाऊ लागली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला होता. त्यांच्या तसबिरीला हार घालून सुरू झालेल्या बैठकांतच मी एकमताने सर्वाधिकार दिले जाताना पाहिले आहेत.

नवी मुंबईच्या संदर्भात एक गोष्ट वेगळी नोंदवतो. तिथल्या महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये, आणि कोविड, इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचनेचे वाद यांमुळे निवडणुका जानेवारी २०२६ पर्यंत झाल्या नाहीत. तुम्ही ज्या तीन वर्षांत पक्षात आलात त्यांतला बराच काळ या प्रशासकीय राजवटीत गेला आहे. निवडून आलेली सभा नसली की कार्यकर्त्याला काम करून दाखवण्याची जागा उरत नाही. गटार तुंबले तरी मंत्रालयात किंवा आयुक्तांकडे ओळख असलेल्या नेत्याकडेच जावे लागते, आणि ज्या पक्षाची तशी ओळख नाही त्या पक्षात राहून उपयोग काय असा प्रश्न कार्यकर्ता रास्तपणे विचारू लागतो. त्या वर्षांत झालेल्या पक्षप्रवेशांपैकी सगळे लोभापोटी झाले असे मी म्हणणार नाही. कित्येकांना आपल्या सोसायटीचे, आपल्या गावठाणाचे काम करून घ्यायचे होते आणि दुसरा रस्ताच ठेवलेला नव्हता.

सत्तेशिवाय काहीच होत नाही असे मात्र तुम्हांला कोणी पटवू लागले तर ज्या जमिनीवर तुमचे कोपरखैरणे उभे आहे तिचाच इतिहास आठवा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातल्या गावांची जमीन संपादित होऊ लागली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी कामगार पक्षाने, राज्यात सत्तेवर नसताना, गावागावांत बैठका घेऊन तो लढा उभा केला. जानेवारी १९८४ मध्ये दास्तान फाटा आणि पागोटे येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मे झाले, आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याची योजना आली. त्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर आज इमारती उभ्या आहेत. विरोधी बाकावरच्या पक्षाला हे मिळवता आले ते गावोगावच्या बैठकीत ठरवणारी माणसे होती म्हणून. तोच पक्ष पुढे क्षीण होत गेला, आणि आंदोलनाचे बळ पुढच्या पिढीच्या संघटनेत का उतरले नाही, हा प्रश्न त्या भागात काम करणाऱ्या कोणालाही टाळता येणार नाही.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण क्रांतिकारक आणि विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांचे. पक्ष म्हटला की तो सत्तेच्या मागे लागणारच, आणि सत्तेच्या मागे लागला की माणसाचे स्वातंत्र्य मागे पडणारच, या निष्कर्षाला येऊन त्यांनी १९४८ च्या अखेरीस आपला रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष विसर्जित केला. महाराष्ट्रात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्यासारखी मोठी माणसे त्या विचारात होती. मला त्या निर्णयाबद्दल अतिशय आदर आहे आणि तरीही तो मला स्वीकारता येत नाही, कारण चांगल्या माणसांनी पक्ष सोडल्याने निवडणुका पक्षाविना होत नाहीत, उमेदवारी वाटणारे हात तेवढे बदलतात.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर आहे की पद घ्या. पण घेण्याआधी एका गोष्टीची खात्री करा: तुमचे पोट पक्षावर अवलंबून नको. नोकरी असेल ती सोडू नका, पक्षातल्या कोणाच्या ओळखीने ठेका, गाळा किंवा पतीला काम घेऊ नका, मुलाच्या शाळेच्या प्रवेशाचे पत्रसुद्धा नको. माझ्या बरोबरीच्या अत्यंत तत्त्वनिष्ठ माणसांना मी बैठकीत गप्प बसलेले पाहिले आहे. त्यांची मते बदललेली नव्हती. घराचा हप्ता ज्या कामातून जात होता ते काम पक्षाच्या माणसाने दिलेले होते. मीही पूर्णवेळ मानधनावर होतो. १९९७ च्या त्या पस्तीस मिनिटांत माझा हात वर झाला त्यामागे ते मानधन किती होते, हे मी आजही स्वतःला विचारतो.

नियुक्तीपत्र हाती आल्यावर आठ दिवसांत शहराध्यक्षांना लेखी उत्तर द्या. पद स्वीकारत असल्याचे लिहा आणि त्याच पत्रात तीन गोष्टी नमूद करा: प्रभागातील महिला सभासदांची यादी आपल्याला मिळावी, दर महिन्याला बैठक होऊन तिचे इतिवृत्त लिहिले जावे आणि पुढच्या बैठकीत ते वाचून कायम केले जावे, आणि एका वर्षानंतर या पदासाठी त्या सभासदांचे मतदान घ्यावे, ज्यात आपणही उमेदवार असू. भांडणाचा सूर नको. पक्षाच्या घटनेतले संबंधित कलम उद्धृत करा, तेवढे पुरे. घटनेची प्रत कार्यालयात मिळाली नाही तरी अडू नका, नोंदणीकृत पक्षाला ती निवडणूक आयोगाकडे द्यावीच लागते. बैठकीत तुमचे मत वेगळे पडले तर ते नावासह नोंदवायला सांगा. "एकमताने" हा शब्द लिहू देऊ नका, जोवर तुम्ही खरोखर सहमत नाही तोवर. पावत्यांचे पैसे एकरकमी भरायला कोणी पुढे आला तर नम्रपणे नकार द्या आणि वीसच पावत्या फाडा, पण स्वतः दारात उभ्या राहून.

सहा महिन्यांत यादी आली नाही, दोनदा स्मरण देऊनही उत्तर नाही, आणि वर्षाअखेरीस मतदानाचे नाव काढल्यावर तुमच्या निष्ठेबद्दल बोलले जाऊ लागले, तर पद परत करा. सभासदत्व सोडायची गरज नाही. साधा सभासद म्हणून बैठकीत बसून प्रश्न विचारण्याचा हक्क घटनेने दिलेला असतो, तो नियुक्तीपत्राने आलेला नसतो म्हणून कोणाला काढूनही घेता येत नाही.

त्या पत्राच्या दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. पहिल्या बैठकीची तारीख, वेळ आणि जागा पत्रातच लिहा, आणि त्या दिवशी कोरी वही घेऊन अर्धा तास आधी जाऊन बसा.